जाताना धरणाकडे, येताना रामकुंडाकडे: नाशकातल्या पळायच्या वाटा

नाशकात पळायला निघताना एक नियम पाळला की निम्मा त्रास वाचतो. जाताना तोंड गंगापूर धरणाकडे ठेवायचं, येताना रामकुंडाकडे. गोदावरी त्र्यंबकच्या डोंगरातून उतरून पूर्वेला शहरात येते, म्हणून गंगापूर रोडनं पश्चिमेला जाताना जमीन हळूहळू चढत असते. गाडीत बसलेल्याला हा चढ दिसतच नाही, सायकलवाल्याला थोडा जाणवतो. पळणाऱ्याला तो दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरला कळतो, आणि तेव्हा त्याला वाटतं की आज झोप नीट झाली नाही.

मरीन ड्राइव्हची किंवा वरळीची सवय घेऊन आलेले पाहुणे इथं पहिल्या दिवशी हमखास फसतात. समुद्राकाठचा रस्ता सपाट, त्यामुळे घड्याळातला वेग आणि अंगातली दमणूक यांचं गणित तिथं जुळलेलं असतं. इथं ते जुळत नाही. मग दोष हवेला दिला जातो: 'नाशिक उंचावर आहे ना!' नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आत-बाहेर. एवढ्या उंचीनं धाप लागत नाही. विरळ हवेचा परिणाम साधारण दीड हजार मीटरच्या वर जाणवू लागतो. इथं दम काढतो तो चढ. उन्हाळ्यात त्याच्या जोडीला कोरडी हवा असते. मुंबईत घाम अंगावर साचतो, दिसतो, म्हणून माणूस पाणी पितो. इथं मार्च-एप्रिलमध्ये घाम येतो आणि लगेच उडून जातो. सदरा कोरडा राहतो आणि संध्याकाळी डोकं का दुखतंय ते कळत नाही.

म्हणून नाशकात अंतर आणि वेग यांच्यापेक्षा वेळ धरून पळणं शहाणपणाचं. चाळीस मिनिटं पळायचं असेल तर बावीस मिनिटं वरच्या अंगाला जा आणि तिथून फिरा. जेवढं गेलात तेवढंच परत यायला अठरा-वीस मिनिटं लागायला हवीत. उतार असूनही परतीला जाण्याइतकाच किंवा जास्त वेळ लागला, तर सुरुवात जोरात झाली होती. दुसरी परीक्षा बोलण्याची. जाताना शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर तुटत असेल तर वेग उतरवा. एक किलोमीटर चढानं जेवढा वेळ खाल्ला तेवढा पूर्ण परत उतार कधीच देत नाही, त्यामुळे 'येताना भरून काढू' हा हिशेब तोट्याचा.

या नियमाला उन्हाची आणि वाऱ्याची एक गंमत जोडलेली आहे. सकाळी पश्चिमेला जाताना ऊन पाठीवर असतं, येताना डोळ्यांत. पुढं छज्जा असलेली टोपी बरोबर असू द्या. त्यानं ऊन तर अडतंच, शिवाय समोरून येणारी मोटरसायकल वेळेत दिसते. मे ते सप्टेंबर वारा बहुतेक पश्चिमेचा. जाताना तो तोंडावर येतो, त्रास देतो आणि थंडही करतो. परतताना तोच पाठीशी असतो. आपण आणि वारा जवळपास एकाच वेगानं चाललो की अंगाभोवतीची हवा थांबल्यासारखी होते, घाम वाळत नाही आणि उतारावरही अंग तापतं. पाण्याची बाटली बरोबर असेल तर ती जाताना संपवू नका.

चोपडा लॉन्स ते सोमेश्वर

सुरुवात करायला चोपडा लॉन्सच्या पुलाचा परिसर सोयीचा. इथून काठाकाठानं गोदापार्कची वाट आहे. झाडी, पाण्यावर पाणकावळे, कधी खंड्या, पहाटे नदीवर उतरलेलं धुकं. देखाव्याला पैकीच्या पैकी मार्क. पायाखालच्या जमिनीला तेवढे देता येत नाहीत. पेव्हर ब्लॉक दोन जागी उखडलेले, एक जागी खचलेले, कुठं फरशी आहे आणि तिच्याखालची माती नाही. ब्लॉकवर पळणं कडक आहे म्हणून गुडघे जातात, असं लोक म्हणतात. शरीर कडक जमिनीशी बरंच जुळवून घेतं. घात करतो तो उंचसखलपणा. अर्धा इंच वर आलेला ब्लॉक बुटाच्या टोकाला लागला की माणूस पालथा, आणि खचलेल्या ब्लॉकवर पाय बाहेरच्या बाजूला वळला की घोट्याच्या बाहेरचा स्नायुबंध ताणला जातो. अंधारात ही वाट टाळा. उजाडल्यावर नजर पायाजवळ न ठेवता चार-पाच मीटर पुढं ठेवा. पायाजवळ पाहणाऱ्याला खड्डा दिसतो तेव्हा पाऊल आधीच हवेत असतं.

पावसाळ्यात गोदापार्कचा विचार वेगळाच करावा लागतो. गोदावरीचे २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर नाशिककरांच्या लक्षात आहेत. धरण भरत आलं की विसर्ग टप्प्याटप्प्यानं वाढवतात आणि त्याचे क्युसेकचे आकडे मोबाइलवर फिरायला लागतात. विसर्ग चालू आहे असं कळलं की त्या दिवशी काठ सोडायचा, पाणी किती खाली दिसतंय याला अर्थ नाही. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर पूर मोजायची इथली जुनी रीत आहे. पळणाऱ्यानं मात्र मारुतीच्या पायाला पाणी लागायची वाट पाहू नये, काठाची सखल वाट त्याआधीच पाण्यात गेलेली असू शकते. धरणातून थेंब सुटलेला नसला तरी शहरात जोराचा पाऊस झाला की नाल्यांचं पाणी नदीत येतंच.

पूर ओसरल्यानंतरचे आठ-दहा दिवस जास्त फसवे. वाटेवर गाळाचा पातळ थर राहतो. ओला असताना तो साबणासारखा निसटतो आणि वाळल्यावर धूळ होऊन नाकात जातो. पाऊस संपून दोनेक महिने झाले की नदीवर पानवेली पसरायला लागते, तिच्याबरोबर डास आणि वास. फेब्रुवारी ते मे या काळात संथ पाण्याजवळ थांबून स्ट्रेचिंग करू नका. ते रस्त्यावर येऊन करा.

काठ सोडून गंगापूर रोडला लागलात की आनंदवल्लीपर्यंत रस्ता शहराचाच आहे. आनंदवल्ली हे नाव राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून पडलं. नवश्या गणपती इथंच, नदीच्या अगदी कडेला. संकष्टीला आणि मंगळवारी मंदिराकडे वळणाऱ्या फाट्यावर गाड्यांची रीघ लागते, त्या दिवशी फाटा चालत ओलांडा. बाकीच्या दिवशी मंदिराच्या पायऱ्यांजवळून दिसणारी नदी ही या सगळ्या वाटेवरची उत्तम जागा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. सोमेश्वरचा धबधबा त्याहून नावाजलेला. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथं रविवारी माणूस पाण्यापेक्षा जास्त असतो. धबधब्याजवळचा काळा बेसाल्ट पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर शेवाळ धरतं. पळायच्या बुटाचा तळही अशा दगडावर धरत नाही. सोमेश्वरला पोचलात तर मंदिराजवळच्या झाडांखाली फिरा, पाणी प्या, परत निघा. दगडांवर उतरू नका.

पुढं गोवर्धनकडे

ज्यांना तासाच्या वर पळायचंय त्यांच्यासाठी खरी वाट सोमेश्वरनंतर सुरू होते. गंगापूर गाव मागं पडलं की इमारती विरळ होतात. गोवर्धनच्या बाजूला द्राक्षबागा, मळे, मध्येच एखादं फार्महाऊस. लांबवर डोंगरांची रांग दिसते. पुढं गंगापूर धरण, १९६५ सालचं मातीचं धरण. धरणाची भिंत ही पळायची जागा नव्हे. तिथं प्रवेशबंदी असते आणि राखणदाराशी हुज्जत घालून काही मिळत नाही. जलाशय पाहायचा तर बोट क्लबच्या बाजूनं, आणि तोही पळणं संपल्यावर.

या पट्ट्यात तीन गोष्टी बिघडतात. पहिली वाहनांची. शनिवार-रविवारी दुपारनंतर वाइनरी आणि रिसॉर्टकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात आणि परतीच्या गाड्या अंधारात वेगानं येतात. त्या दोन संध्याकाळी हा रस्ता वर्ज्य. सकाळी सातपर्यंत मात्र तो जवळपास तुमचाच. दुधाच्या आणि भाजीच्या गाड्या असतात, पण ते चालक रोजचे आणि त्यांना पळणारी माणसं ठाऊक असतात.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या कडेची. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून पळणाऱ्यानं उजव्या कडेनं, समोरून येणारं वाहन दिसेल असं पळायचं. हे बरोबरच आहे. पण पाणी निचरा व्हावं म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. उजव्या कडेनं जाताना आणि उजव्याच कडेनं येताना तुमचा उजवा पाय सतत किंचित खाली पडतो. एका दिवसात काही होत नाही. महिनाभरात एकाच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंवा एकाच खुब्याला दुखायला लागतं, आणि माणूस बूट बदलतो. बूट बदलून उपयोग नाही, जमीन बदला. आठवड्यातले निदान दोन दिवस मैदानावर किंवा मातीवर पळा. पहाटे कॉलनीच्या आतल्या मोकळ्या रस्त्यावर मधोमध पळता येतं तेवढं पळून घ्या.

तिसरी गोष्ट पाण्याची. तासाभराच्या आत बाटली लागत नाही, घरून पेलाभर पिऊन निघालं की भागतं. तासाच्या पुढं, विशेषतः उन्हाळ्यात, किती लागतं ते प्रत्येकाचं वेगळं आणि ते घरीच मोजता येतं. निघण्यापूर्वी कमीत कमी कपड्यांत वजन करा, आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. एक किलो कमी भरलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं, मध्ये प्यायला असाल तर तेवढं त्यात मिळवा. तीन-चार वेळा मोजलंत की तुमचा आकडा कळतो. घरचं मीठ-साखरेचं पाणी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ यापेक्षा वाढवू नका. चव बरी लागावी म्हणून लिंबू पिळलं तर हरकत नाही.

पाटाच्या कडेनं

सपाट आणि लांब मातीची वाट हवी असेल तर नाशिकमध्ये उत्तर एकच, आणि ते शहरातल्या फार थोड्या पळणाऱ्यांना सुचतं: कालवा. गंगापूरचा डावा तट कालवा मखमलाबादच्या शिवारातून जातो. कालव्यात पाणी आपल्या वजनानं वाहावं लागतं, म्हणून तो चढ-उतार टाळत, जमिनीच्या समान उंचीच्या रेषेनं, अगदी किंचित उतार ठेवून नेलेला असतो. त्याच्या कडेची सेवावाट म्हणजे इंजिनिअरनं मोजून दिलेला सपाट ट्रॅकच. चढावर वेगाचा अंदाज चुकतो, इथं चुकत नाही. ज्यांना एका वेगानं वीस-पंचवीस मिनिटं पळायची सवय लावायची आहे त्यांनी ती इथं लावावी.

काळजी एवढीच. पाट वाहत असेल तर काठापासून दोन हात आतून पळा. अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजू तिरक्या आणि शेवाळलेल्या असतात, पडलेल्याला वर चढता येत नाही आणि प्रवाह वरून दिसतो त्यापेक्षा जोरात ओढतो. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं होतं तेव्हा ही वाट सोडा, पाय कुठं पडतोय ते दिसत नाही आणि जनावरांची भीती असते. शेतकऱ्यांचा ट्रॅक्टर किंवा बैलगाडी आली तर थांबून वाट द्यायची. ती वाट आधी त्यांची आहे.

मैदानं: गोल्फ क्लब आणि कृषीनगर

त्र्यंबक रोडवरच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला सगळं शहर अजूनही गोल्फ क्लबच म्हणतं. नाशिकचा ब्रिटिश कलेक्टर जॅक्सन याला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घालणाऱ्या कान्हेऱ्यांचं नाव मैदानाला आहे. याच मैदानावर रणजी सामनेही होतात. सामना असेल त्या दिवसांत आत जाता येईल की नाही ते आदल्या दिवशी पाहून घ्या. बाहेरच्या ट्रॅकवर पहाटे पाचपासून गर्दी असते. चालणारे, पळणारे, हास्यक्लबवाले आणि मोबाइलवर जोरात भक्तिगीतं लावून फिरणारे आजोबा असे सगळे एकाच वाटेवर. चालणाऱ्यांना आतली कड देऊन बाहेरून पळावं. 'बाहेरून येतोय' एवढं आधी सांगावं, म्हणजे कुणी दचकत नाही.

आता बाहेरून पळण्याचा हिशेब. कुठल्याही बंद फेरीत तुम्ही आतल्या कडेपासून दोन मीटर बाहेरून पळालात तर एका फेरीला साधारण साडेबारा मीटर जास्त पळता. मैदान लहान असो की मोठं, आकडा तोच राहतो, कारण जादा अंतर म्हणजे दोन मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ. दहा फेऱ्यांना सव्वाशे मीटर. म्हणून 'माझ्या दहा फेऱ्या, तुझ्याही दहा, मग तू आधी कसा संपवलास' या वादात दोघंही खरे असू शकतात. घड्याळातलं जीपीएस इथं फार मदतीला येत नाही. ते दर थोड्या वेळानं ठिपका टाकतं आणि ठिपके सरळ रेषेनं जोडतं, त्यामुळे वळणं कापली जातात. त्यात झाडांखाली ठिपका इकडेतिकडे उडतो. नेमकं अंतर हवं असेल तर मोजायचं चाक मिळवा. ते नसेल तर सायकलच्या पुढच्या चाकाचा परीघ टेपनं मोजा, चाकावर खडूची खूण करा आणि सायकल ढकलत फेरी मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि वर्षानुवर्षं पुरतं.

सगळे एकाच दिशेनं फिरतात ही मैदानांची दुसरी अडचण. सतत डावीकडे वळणाऱ्याचा बाहेरचा पाय जास्त फेकला जातो आणि आतल्या पायाच्या घोट्यावर वेगळा ताण येतो. उलट्या दिशेनं पळून गर्दीशी भांडू नका. गर्दी नसेल तेव्हा, म्हणजे संध्याकाळी उशिरा किंवा पावसाच्या दिवशी, तेवढ्या फेऱ्या उलट करून घ्या.

कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या वस्तीला जवळचा. झाडं चांगली आहेत आणि नव्यानं सुरुवात करणाऱ्याला ही जागा सर्वांत योग्य, कारण थांबलं तरी घर दूर नसतं. सुरुवात करणाऱ्यानं एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा करावं, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळणं, दोन चालणं. तिसऱ्या आठवड्यात उत्साह येतो आणि नडगी तिथंच दुखायला लागते. दम महिन्याभरात वाढतो, हाडं आणि स्नायुबंध इतक्या लवकर तयार होत नाहीत. छाती 'चल' म्हणते तेव्हा नडगीला विचारावं.

पांडवलेणी

चढाचा सराव हवा त्यांनी पांडवलेणी धरावी. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला त्रिरश्मी डोंगर, पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्धविहार, वर चोवीस लेणी. दोनशेच्या घरात पायऱ्या आहेत. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, त्यामुळे पळत चढायची लय लागत नाही आणि लागली की तुटते. त्यापेक्षा हात गुडघ्यावर न टेकता जोरात चालत चढा, उतरताना सावकाश. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे कण्हणं येतं ते उतरण्यामुळे. पहिल्या वेळी एकदाच वर-खाली. आठवड्यानं दोनदा.

लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. तिकीट आहे, वेळ ठरलेली आहे, आणि व्हरांड्यात पळायचं नसतं हे सांगायची वेळ येऊ नये. दम परत येईपर्यंत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आणि दहाव्यातले त्यानं हरवलेल्या क्षत्रप नहपानाच्या काळातले लेख पाहून घ्या. ज्यांची सत्ता मोडल्याचा डंका एका लेण्यात, त्यांच्याच दानाची नोंद दुसऱ्यात, आणि दोन्ही एका व्हरांड्याच्या अंतरावर. परतताना महामार्ग ओलांडायचा असेल तर पळत ओलांडू नका.

डोंगर चढणं या जिल्ह्याच्या पायांना नवं नाही. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत तशाच चढ-उतारांच्या मुलखातली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला तिनं कांस्य मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य.

तपोवन, घाट आणि देवळाली

रामकुंडाजवळ गोदावरी दक्षिणेला वळते. पहाटेपासून तिथं विधी, स्नानं, दर्शनाला आलेली माणसं. तिथून पळणं गैरसोयीचंही आहे आणि बरंही दिसत नाही, तेवढा पट्टा चाला. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी घाटाचं नावच काढू नका. खालच्या अंगाला तपोवनात, कपिला-गोदावरी संगमाच्या बाजूला, झाडांची सावली आहे. सिंहस्थाची कामं जवळ आली की तिथले आणि घाटाजवळचे रस्ते खोदलेले सापडतात. काल पळालेला रस्ता आज असेलच असं धरू नये, विशेषतः अंधारात.

देवळाली कॅम्पचे झाडीचे रुंद रस्ते पळायला सुरेख. फक्त लष्करी हद्दीच्या पाट्या वाचून पळा, फोटो काढू नका, आणि पळण्याचं ॲप 'खासगी'वर ठेवा. २०१८ च्या जानेवारीत स्ट्रावा या अशाच ॲपच्या नकाशावरून जगभरातले लष्करी तळ उघडे पडल्याची चर्चा झाली होती, ती अशाच निष्काळजी फेऱ्यांमुळे.

वेळ आणि जनावरं

आपण प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला, म्हणून इथं सूर्य घड्याळाच्या मानानं उशिरा उगवतो. जानेवारीत सव्वासातच्या आसपास, जूनमध्ये सहाच्या थोडा आधी. जानेवारीत साडेपाचला निघणारा दीड तास अंधारात पळतो. थंडीच्या पहाटे आणखी एक गोष्ट घडते. जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन बसते आणि शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर वर न जाता सखल भागात, नदीकाठी पसरून राहतो. नदीवर दिसणारं सगळंच धुकं नसतं. घसा खवखवत असेल तर डिसेंबर-जानेवारीत साडेसातनंतर पळा, किंवा तेवढे दिवस काठ सोडून उंचावरच्या रस्त्याला जा. उन्हाळ्यात उलट, साडेसातला घरी परत.

बिबट्या हा नाशिकच्या पळणाऱ्यासाठी थट्टेचा विषय नाही. ऊस, मळे आणि नदीकाठची झाडी त्याला सोयीची. गंगापूर रोडच्या वस्त्यांमध्येही तो येऊन गेलाय. गोवर्धन, मखमलाबादचा कालवा, पांडवलेणी, म्हसरूळकडचा चामरलेण्यांचा डोंगर या ठिकाणी उजाडण्यापूर्वी आणि अंधार पडल्यावर एकट्यानं जायचं नाही. कानात इअरफोन नकोत. उसाजवळ बुटाची नाडी बांधायला खाली बसू नका. ओणवा किंवा बसलेला माणूस त्याला उभ्या माणसासारखा दिसत नाही. समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नका. हात वर करून मोठे दिसा, जोरात ओरडा आणि त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागं सरा.

कुत्र्यांचं प्रकरण रोजचं. टोळी अंगावर आली की थांबा, चालायला लागा, डोळ्यांत पाहू नका. पळणारा पाय दिसला की त्यांचा पाठलाग सुरू होतो आणि पाय थांबला की बहुतेक वेळा तो संपतो. चावला किंवा नखाचा ओरखडा आला, रक्त आलेलं नसलं तरी, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद, तिखट, चुना असलं काही भरू नका.

राहिले ओले बूट. जुलै-ऑगस्टमध्ये रोज पळायचं तर एक जोड पुरत नाही, आत ओला राहिलेला बूट दुसऱ्या दिवशी टाच सोलतो. घरी येताच आतली पट्टी काढून वेगळी ठेवा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बोळे बदला, झोपताना पुन्हा एकदा. गॅसच्या शेगडीजवळ किंवा गिझरवर वाळवू नका, तळाचा गोंद सुटतो. पंख्याखाली, नाडी पूर्ण सैल करून, बूट आडवा ठेवला की सकाळपर्यंत चालण्याजोगा होतो. तरी ओला वाटला तर त्या दिवशी दुसरा जोड घाला.